खातरीमामांचे दोन मणी

मामांना कुणी नमस्कार घातला की ते आधी मागे वळून बघायचे. नमस्कार आपल्यालाच आहे, पाठीमागे दुसरं कुणी उभं नाही, एवढी खात्री पटली की मगच हात जोडायचे. तोवर समोरचा माणूस पुढे निघून गेलेला असायचा आणि मामा त्याच्या पाठीला नमस्कार करायचे. जव्हारच्या आमच्या दवाखान्यात ते वीस-पंचवीस वर्षं ऑपरेशन थिएटरचे मदतनीस होते. राहणारे मोखाड्याकडचे, खोडाळ्याच्या अलीकडच्या एका पाड्यावरचे. कागदोपत्री त्यांचं नाव वेगळं होतं, पण सगळे त्यांना खातरीमामाच म्हणत, कारण दिवसातून पन्नास वेळा तरी ते एकच प्रश्न विचारत, "खातरी केली का?"

यंत्रांवर त्यांचा विश्वास नव्हता आणि माणसांवर तर त्याहून नव्हता. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा भरलेलं दाखवत असला तरी ते बोटाच्या पेरानं टकटक करून, कान लावून बघत. अवजारांचा डबा वाफेच्या यंत्रातून निघाला की वरची पट्टी काळी पडलेली असते. वाफ लागली, अवजारं निर्जंतुक झाली, याची ती खूण. मामा पट्टीकडे बघत म्हणायचे, "पट्टी म्हनते वाफ पोचली. पन पट्टीची खातरी कोनी केली?" मग ते डब्याच्या अगदी पोटात दुसरी पट्टी खुपसून ठेवत आणि डबा उघडला की आधी ती शोधत. आमच्या थिएटरच्या सिस्टर वैतागायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "मामा, तुम्ही लग्नाआधी बायकोचीसुद्धा खातरी केली असेल." मामा गंभीरपणे म्हणाले, "केली ना. तिनं माझी केली नाय. फसली बिचारी." आम्ही हसलो. त्या बोलण्यात काही होतं, हे कळायला मला पुढे दोन वर्षं लागली.

त्यांची एक पद्धत मात्र, मी तिथे सर्जन म्हणून लागले त्या पहिल्या महिन्यातच मला पटली. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या घरी मराठी बोलत नाहीत. मराठी बोलायची शाळेत, बाजारात आणि डॉक्टरसमोर. आणि डॉक्टरसमोर मराठीतला एकच शब्द पुरतो, असा गावोगाव समज आहे. तो शब्द म्हणजे 'हो'. दुखतं का? हो. आता थांबलं का? हो. सकाळपासून उपाशी आहात ना? हो, आणि पोटात भाकरी असते. यात लबाडी नसते. मोठ्या माणसाला नाही म्हणायचं नाही, एवढंच असतं. हे मामांना बरोबर ठाऊक होतं. म्हणून टेबलावर घेतलेल्या पेशंटला ते आधी मुद्दाम चुकीचं विचारत.

जामसरची एक म्हातारी मला आठवते. नाव बुधी. मामा तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "आजी, तू सोमी ना?" म्हातारी म्हणाली, "हो." "आनि आपरेशन उजव्या पायाचं?" "हो." ऑपरेशन डाव्या पायाचं होतं. मामा सरळ झाले आणि मला म्हणाले, "बाय, ही कशालाबी हो म्हनते. हिच्या कागदावरचे समदे हो खोटे धरा." मग त्यांनी तिला तिच्या बोलीत विचारलं, "तुना नाव काय?" तेव्हा कुठे ती आपलं नाव बोलली, आणि सकाळी नागलीची पेज पिऊन आलेय हेही बोलली. ऑपरेशन पुढे ढकललं. भूल दिल्यावर ती पेज छातीत गेली असती तर काय झालं असतं, ते त्या दिवशी मी जेवताना आठवत होते.

तर अशा माणसाच्या थिएटरात नवं यंत्र आलं. शहरातल्या एका संस्थेनं देणगी म्हणून दिलेलं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटाला छोटी भोकं पाडून आत कॅमेरा सोडतात आणि सर्जन पडद्याकडे बघत लांब दांड्यांच्या चिमट्यांनी काम करतो. पडद्यावरचं चित्र सपाट असतं. काय जवळ आणि काय लांब ते सावलीवरून, हालचालीवरून आणि सवयीनं ओळखायचं. नव्या यंत्राच्या कॅमेऱ्याला टोकाशी दोन भिंगं होती, माणसाच्या दोन डोळ्यांसारखी. पडदा दोन्ही चित्रं एकदम दाखवायचा, आणि एक काळसर चष्मा घातला की डाव्या डोळ्याला डावं आणि उजव्याला उजवं चित्र मिळायचं. मग मेंदू दोन्हींचं मिळून एक करतो आणि पोटातली खोली खरोखरीची दिसते. तिला थ्रीडी म्हणतात, हे मामा आठवडाभर ऐकत होते. त्या आठवड्यात त्यांनी खोक्याभोवती चकरा मारल्या, मागची वायरींची तोंडं मोजली, आणि सिस्टरना विचारलं, "एवढं चांगलं हाय तं त्यांनी सोताला का नाय ठेवलं?"

यंत्र दाखवायला कंपनीचा माणूस आला. त्यानं एका भांड्यात दोऱ्याला कडी टांगली, कॅमेरा आत सोडला आणि सगळ्यांना चष्मे वाटले. सिस्टरनी कडी नाकाशी आल्यासारखी मान मागे घेतली. आमच्या मोठ्या सरांनी, म्हणजे दवाखान्याच्या प्रमुखांनी, हवेत हात पुढे करून कडी धरायचा प्रयत्न केला आणि लहान मुलासारखे हसले. गेली पाच वर्षं ते या यंत्रासाठी अर्ज करत होते. "दिसतंय ना सगळ्यांना?" त्यांनी विचारलं. सगळे म्हणाले, हो. मीही म्हणाले, हो. फक्त मामांनी चष्मा घातला, काढला, पुन्हा घातला, उलटा करून घातला, आणि म्हणाले, "साहेब, जरा अंधारलं. बाकी तसंच हाय."

खोलीभर हशा पिकला. "मामा, यंत्राला पण खातरी द्यावी लागणार तुम्हाला," सर म्हणाले. मामाही ओशाळून हसले. त्या हसणाऱ्यांत मी होते, आणि माझा आवाज चांगला मोठा होता. मला तो आवाज अजून ऐकू येतो, कारण मलाही जरा अंधारल्यापलीकडे काहीच वेगळं दिसलं नव्हतं.

मी का हो म्हणाले? आधी वाटलं, माझा चष्मा खराब असेल. मग वाटलं, सरावानं दिसेल. मग वाटलं, सगळेच खोटं बोलतायत, कंपनीच्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून. त्या रात्री जेवणाच्या वेळी मी माझ्या आईला फोन केला आणि सहज विचारावं तसं विचारलं. आई म्हणाली, अगं, तू तिरळी होतीस ना लहानपणी, आठव्या वर्षी ऑपरेशन केलं, मग डोळे कसे छान सरळ झाले. डोळे सरळ झाले, पण दोघांनी मिळून बघायचं वय तोवर निघून गेलं होतं, हे कुणी सांगितलं नाही. जे कधी दिसलंच नाही ते दिसत नाही, हे माणसाला कळावं तरी कसं? साध्या पडद्यावर मी शेकडो ऑपरेशनं नीट केली होती, कारण तिथे सगळ्यांनाच एका डोळ्याएवढंच दिसतं आणि त्यात मी तयार होते.

नव्या यंत्रावर मात्र माझी पंचाईत झाली. साध्या पडद्यावर मी कॅमेरा धरणाऱ्याला सारखं सांगायची, जरा हलव, जरा वळव. हलवलं की जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी, आणि मला खोली कळते. थ्रीडीत कॅमेरा हलला की बघणाऱ्यांना गरगरतं, म्हणून सरांनी नियमच केला होता, कॅमेरा स्थिर. म्हणजे चष्म्यानं माझा उजेड घेतला आणि नियमानं माझी खोली घेतली. तिसऱ्याच ऑपरेशनला, एका अपेंडिक्सला, माझा चिमटा मला वाटला त्याच्या बोटभर पुढे गेला आणि आतड्यावरच्या चरबीतून रक्त आलं. पाच मिनिटांत थांबवलं. पेशंटला काही झालं नाही. सर म्हणाले, होतं असं नव्या यंत्रावर. मामा पडद्याकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होते.

आणि मी काय करावं? मी मामांवर संशय घेतला. पडद्याचा गाडा रोज तेच पुसायचे, तेच जागेवर लावायचे. हा पडदा ठरलेल्या उंचीवरून आणि समोरूनच नीट दिसतो, असं कंपनीच्या माणसानं बजावलं होतं. आईचं बोलणं बाजूला सारून, मामांना यंत्र आवडत नाही, तेच गाडा हलवत असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. मी त्यांना सरळ विचारलं, "मामा, तुम्ही पडदा हलवता का?" ते म्हणाले, "खातरी केली का बाय?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या संध्याकाळी मी गाड्याच्या चारही चाकांपाशी फरशीवर चिकटपट्टीचे तुकडे लावून ठेवले. दुसऱ्या दिवशी चाकं होती तिथेच होती. मामांनी पट्ट्यांच्या कडेकडेनं फरशी पुसली होती, एकही तुकडा न उचलता. मला वाटतं, संशयाचा असा मान फक्त त्यांनीच राखला असता.

दोन दिवसांनी, दुपारी थिएटर रिकामं असताना, ते ओपीडीच्या दारात येऊन उभे राहिले. "बाय, जरा येता का?" टेबलावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. झाकणाला भोकं पाडलेली, आणि त्यातून जुना कॅमेरा नव्हे, थ्रीडीचा नवाच कॅमेरा आत सोडलेला. कॅमेरा लावायला त्यांनी सिस्टरची परवानगी घेतली होती, आणि ती मिळाल्याची खातरी मला कागदावर दाखवलीसुद्धा. "चष्मा घाला," ते म्हणाले. पडद्यावर गॉझच्या दोन ढिगांवर दोन पांढरे मणी होते. एक मोठा, एक बारका.

"मोठा मनी जवल हाय, बरोबर?" मामांनी विचारलं.

मला मोठा तो जवळचा वाटला. "हो," मी म्हणाले.

"आनि बारका लांब?"

"हो."

मामांनी झाकण उचललं. बारका मणी उंच ढिगावर होता, कॅमेऱ्याच्या अगदी तोंडाशी. मोठा खाली तळाला. खोडाळ्याच्या बाजारातून त्यांनी मुद्दाम वेगवेगळ्या मापाचे मणी आणले होते, कारण माहितीतल्या मापाची वस्तू असेल तर एक डोळासुद्धा अंतर ओळखतो. हे त्यांना कोणत्याही पुस्तकानं सांगितलं नव्हतं. "मी चुकीचं विचारलं व्हतं," मामा हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही जामसरच्या आजीवानी हो म्हनालात."

मी रागावले नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? मामांनी डबा बंद केला आणि त्यावर हात ठेवला. "ओहोलात उतरताना आपन आधी काठी टेकवतो, मंग पाय टाकतो. तसा तुमचा चिमटा हाय. आधी टेकवता, मंग धरता. दोन डोल्यांची मानसं टेकवत नाय, सरल धरतात. साहेब बगा, सिस्टर बगा. मी टेकवतो. तुम्ही टेकवता."

मग त्यांनी मला ते सांगितलं जे बायकोशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं, आणि तिलाही लग्नानंतर. पाच-सहा वर्षांचे असताना भाताच्या झोडणीला त्यांच्या उजव्या डोळ्यात कुसळ गेलं. डोळा बाहेरून धड राहिला, आतून गेला. नोकरीच्या वेळी डोळ्यांची तपासणी होती. रांगेत पुढची माणसं अक्षरं मोठ्यानं वाचत होती, ती मामांनी ऐकून पाठ केली आणि निकामी डोळा तपासताना घडाघडा म्हणून दाखवली. डॉक्टरांनी शेरा दिला, नजर उत्तम. "एकदाच कोनाला खातरी करू न देता आत शिरलो," मामा म्हणाले. "तवापासनं समद्याची खातरी करतो."

इतक्या वर्षांच्या टकटकीचा, पट्ट्यांचा, चुकीच्या प्रश्नांचा उगम तो होता. मला त्या माणसाबद्दल एकदम फार माया वाटली, आणि लगेच भीतीही वाटली, कारण आता माझं गुपित त्याच्याकडे होतं. "साहेबांना सांगा," ते म्हणाले. "साध्या पडद्यावर तुमचा हात चांगला हाय. मी बगितलाय." मी म्हणाले, एका डोळ्याच्या सर्जनकडे कोण पेशंट पाठवेल? सर मला ठेवतील का? मामा, कुणाला बोलू नका. ते म्हणाले, "मी नाय बोलनार." आणि दारापर्यंत जाऊन वळले. "पन बाय, पान्यातला मासा दिसतो तिथं नसतो. तिथं चुकलं तं मासाच सुटतो, इथं टेबलावर मानूस हाय."

पुढचे चार दिवस मी त्यांच्यावर पाळत ठेवली. हे लिहायला मला लाज वाटते. ते सरांच्या केबिनमधून बाहेर आले की मी हातातलं काम सोडून त्यांच्याकडे बघायची. एकदा तर मी मागोमाग आत गेले, काहीतरी कामाचं निमित्त काढून. सर चहा पीत होते. मामा फक्त किटली घेऊन गेले होते. दिलेला शब्द ते पाळत होते आणि मी माझ्याच वाटेवर काटे पसरत होते.

पाचव्या दिवशी साखरशेतच्या एका बाईचं पित्ताशय काढायचं होतं. पस्तिशीची, सडपातळ, खडे झालेले. नवरा वसईकडे बांधकामावर होता, आणि ती लेकीला बहिणीकडे ठेवून आली होती. देणगी दिलेल्या संस्थेची माणसं त्याच दिवशी यंत्र बघायला येणार होती, आणि सरांनी ठरवलं होतं, ऑपरेशन मी करायचं. "इथली तरुण डॉक्टर हे यंत्र वापरते, हे त्यांना दिसू दे," ते म्हणाले. त्यात माझ्याबद्दलचा अभिमानच होता. आता पित्ताशयाच्या ऑपरेशनात एक बारीक नळी बांधून कापतात, आणि तिच्या पाठीलाच यकृताची मोठी नळी असते. बारकीच्या जागी मोठी कापली तर बाई आयुष्यभर भोगते, कधी जगतही नाही. मोठी कोणती, बारकी कोणती, कोण पुढे, कोण मागे. माझ्यासमोर दोन मणी उभे राहिले.

तरीही मी हात धुतले. तरीही मी गाऊन चढवला. नाही म्हणायचं आहे हे मला कळत होतं आणि तोंड उघडत नव्हतं. टेबलाशी मामांनी त्या बाईला आधी चुकीचं नाव विचारलं. ती घाबरून हो म्हणाली. मग तिच्या बोलीत खरं विचारून घेतलं, आणि तिला भूल दिली गेली. पाहुणे काचेपलीकडे चष्मे घालून उभे होते. सर आनंदात होते. त्यांनी एक चष्मा मामांपुढे धरला. "काय मामा, आज तरी दिसतंय का पडद्यातून बाहेर आलेलं?"

मामांनी चष्मा घेतला नाही. हात मागे बांधले. "साहेब, मना नाय दिसनार. मना उजव्या डोल्यानं दिसत नाय. लहानपनापासनं. नोकरीच्या टायमाला मी खोटी अक्षरं वाचली."

सिस्टरचा हात ट्रेवरच राहिला. मामांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. ते त्या बाईच्या पायावरची चादर नीट करत होते, जणू चादरीची खातरी करायची राहिली होती. बोलणार नाही असा शब्द त्यांनी मला दिला होता, आणि तो मोडला नव्हता. त्यांनी स्वतःचं सांगितलं. माझं मला सांगायला जागा करून दिली.

"सर," मी म्हणाले, "मलाही दिसत नाही. थ्रीडी. पहिल्या दिवसापासून."

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग काचेपलीकडे. एवढंच म्हणाले, "बाजूला हो." आणि ते स्वतः हात धुवून आले. ऑपरेशन त्यांनी केलं, सुरेख केलं. मी कॅमेरा धरला, स्थिर. पाहुणे वा वा म्हणाले. ती बाई तिसऱ्या दिवशी एसटीनं घरी गेली आणि तिच्या पोटापाशी काय होऊ शकलं असतं, हे तिला कधी कळलं नाही.

सरांनी मला नाशिकला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. तिथून कागद आला, दोन्ही डोळ्यांची एकत्र नजर नाही. सरांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "आधी का नाही बोललीस?" मी त्यांना मामांच्या डब्याची आणि दोन मण्यांची गोष्ट सांगितली. शेवटी त्यांनीच जुना साधा पडदा माळ्यावरून खाली आणवला आणि माझ्यासाठी थिएटरात ठेवला. एकच अट घातली. प्रत्येक ऑपरेशनाआधी, मी असो वा ते असोत, मामांच्या डब्यातले मणी उचलून दाखवायचे. पुढे शिकायला येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला तो डबा दिला गेला. त्यातल्या दोघांना नंतर कळलं की त्यांनाही माझ्यासारखंच दिसत नाही. दोघंही आधी हो म्हणाले होते.

मामांना मात्र थिएटरातून काढलं. खोटी अक्षरं वाचून लागलेला माणूस आत कसा ठेवायचा, असं दवाखान्याच्या समितीनं म्हटलं. नोकरी सरांनी वाचवली, पण जागा गेली. त्यांना ओपीडीच्या दारात नंबराच्या चिठ्ठ्या द्यायला बसवलं. मी भांडायला हवं होतं. महिनाभर मी भांडले नाही, कारण माझंच नुकतं कुठे निभावलं होतं. महिन्यानं मी सरांकडे गेले, तेव्हा थिएटरला दुसरा माणूस लागला होता. मी हे मामांना सांगायला गेले तर ते म्हणाले, "बाय, इथं बी बरंच काम हाय." आणि समोरच्या म्हाताऱ्याला म्हणाले, "बाबा, तू मोखाड्याचा ना?" म्हातारा म्हणाला, हो. मामांनी माझ्याकडे बघून मान हलवली. तो म्हातारा आमच्या गल्लीतलाच, जव्हारचा होता.

निवृत्त होऊन ते पाड्यावर गेले. नागली, वरई, थोडा भात. खोडाळ्याच्या बाजारात कधी भेटले तर माझा नमस्कार आधी तपासून घ्यायचे. गेल्या वर्षी ते गेले. म्हातारपण, दुसरं काही नाही. पण त्याच्या दोन वर्षं आधी सून त्यांना दवाखान्यात घेऊन आली होती, पोटात कळा येतात म्हणून. खडे निघाले. पित्ताशयच. सर म्हणाले, मी करतो, थ्रीडीवर. मामांनी विचारलं, "बाय नाय का?" सर हसले आणि म्हणाले, "कर गं तू."

टेबलावर आडवे झालेले मामा फार लहान दिसत होते. त्यांच्या थिएटरात ते पहिल्यांदाच छताकडे बघत होते. सिस्टरनी मला न दाखवता डब्यात मणी मांडले. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि त्यांनीच शिकवल्याप्रमाणे आधी चुकीचं विचारलं. "तुम्ही धर्मा ना?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. दोन्ही डोळ्यांनी, दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या. "हो," म्हणाले.

सिस्टर हसल्या. मी हसले नाही, या माणसावर एकदा हसून झालं होतं. ते घाबरून हो म्हणाले, थट्टेनं म्हणाले, की आता तुम्ही म्हणाल ते, अशा अर्थानं म्हणाले, मला आजही ठाऊक नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून न पडताळता निघालेला मी ऐकलेला तो एकच होकार. मी त्यांच्या मनगटावरची पट्टी वाचली आणि त्यांच्या बोलीत विचारलं, "तुना नाव काय?"

"नवसू," ते म्हणाले.

मग मी डबा ओढला. मामांनी मान वळवून बघितलं आणि म्हणाले, "राहू द्या बाय. खातरी हाय."

मी राहू दिलं नाही. साध्या पडद्यावर कॅमेरा हळूच हलवून घेतला, चिमटा आधी टेकवला. बारका मणी जवळ होता. तो उचलला, मग तळाचा मोठा उचलला, दोन्ही त्यांच्या तळहातावर ठेवले, आणि मगच भूल द्यायला सांगितलं.